'नकुसा' : एका स्त्रीनामाचा अर्थविचार

१. प्रास्ताविक

विशेषनामाला अर्थ नसतो, ते केवळ खुणेसारखे असते, असे व्याकरणात सांगितले जाते. 'नदी' या शब्दाने नदीचे धर्म सूचित होतात. 'गोदावरी' या नावाने केवळ एका विशिष्ट नदीचा निर्देश होतो. माणसांच्या नावांबाबतही सामान्यतः हेच खरे आहे. सुंदराबाई सुंदर असलीच पाहिजे किंवा लक्ष्मीबाईच्या घरी धनधान्य असलेच पाहिजे, अशी कोणाचीही अपेक्षा नसते. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' या म्हणीतील विनोद याच जाणिवेवर उभा आहे. नाव आणि नामधारक यांच्यातील अंतर मराठी समाजाने पुरते ओळखलेले आहे, आणि ते अंतर आहे म्हणूनच रोजच्या हाकेत नावाचा अर्थ ऐकू येत नाही.

'नकुसा' हे नाव या नियमाला अपवाद आहे. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा जिल्ह्यात, आढळणारे हे स्त्रीनाम नकुसा, नकुशा, नकुशी, नकोशी अशा भिन्न रूपांत मिळते. त्याचा अर्थ कळण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. ते उच्चारणारा प्रत्येक मराठी भाषक ते उच्चारताना एक संपूर्ण विधान करीत असतो, आणि ऐकणारीला ते विधान पूर्णपणे कळत असते. विशेषनाम होऊनही ज्याचा अर्थ मावळत नाही, असे हे नाव आहे. त्याची घडण, त्यामागील लोकसमजूत, त्याच्या जातीची इतर नावे आणि त्याच्या वाढत्या दुर्मीळपणाचा अर्थ यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. रूपविचार

'नको' हे मराठीतील एक खास क्रियारूप आहे. 'हवे' याच्या विरोधात ते उभे राहते आणि दोन कामे करते. 'मला चहा नको' येथे ते नकार दर्शविते. 'तू जाऊ नको' येथे ते निषेध किंवा मनाई दर्शविते. पहिल्या वाक्यात नाकारली जाते ती वस्तू, दुसऱ्यात थोपविली जाते ती कृती. एकाच शब्दाने ही दोन्ही कामे होतात, ही गोष्ट प्रस्तुत नावाच्या संदर्भात महत्त्वाची आहे.

'नको'ला 'सा' हा प्रत्यय लागून 'नकोसा, नकोशी, नकोसे' हे विशेषण तयार होते. 'हवा'पासून 'हवासा', 'काही'पासून 'काहीसा' ही रूपे याच पद्धतीची आहेत. या प्रत्ययाने मूळ अर्थाला पुष्कळदा थोडी सौम्यता येते. 'काहीसा'मध्ये ती स्पष्ट दिसते. 'नकोसा'च्या बाबतीत मात्र वापराने ही सौम्यता पुसून टाकलेली आहे. 'जीव नकोसा झाला' असे म्हणणारा माणूस सौम्य नापसंती सांगत नसतो.

व्याकरणदृष्ट्या मुलीसाठी 'नकोशी' हेच रूप योग्य ठरते. 'नकोसा' हे पुल्लिंगी रूप होय. असे असता मुलीचे नाव 'नकुसा' कसे झाले? याचे उत्तर नामसंस्कृतीत शोधता येते. आशा, सुरेखा, मनीषा अशा आकारान्त नावांमुळे मराठी कानाला आकारान्त नाव हे मुलीचे नाव म्हणून परिचित आहे. बोलीत ओकाराचा उकार होऊन 'नको' चे 'नकु' झाले आणि अंती आकार आला की 'नकुसा' किंवा 'नकुशा' हा शब्द वरवर पाहता एखाद्या रीतसर नावासारखा दिसू लागतो. शाळेच्या हजेरीपटावर तो 'मनीषा'च्या शेजारी विसंगत वाटत नाही. विशेषणाचे लिंग हरवले, पण त्याचा अर्थ हरवला नाही. नावाचा पोशाख मात्र त्याला मिळाला.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'नको' या क्रियारूपाला 'कोणाला?' या प्रश्नाचे उत्तर लागते. 'मला नको', 'आईला नको', 'त्यांना नको' अशा चतुर्थ्यन्त पदावाचून त्याचे वाक्य पुरे होत नाही. 'नकुसा' या नावात ते पद गळून पडले आहे. मुलगी कोणाला नको होती, हे नाव सांगत नाही. बापाला, आजीला, भाऊबंदांना, की मुलगा होत नाही म्हणून बोल खाणाऱ्या खुद्द आईला? नकार देणारा अदृश्य होतो आणि नाकारलेपण हा जणू त्या मुलीचाच अंगभूत गुण होऊन राहतो. 'गोरी', 'काळी' यांप्रमाणे 'नकोशी' हे तिचे विशेषण बनते. या नावातील अन्यायाचे मूळ अशा रीतीने त्याच्या व्याकरणातच सापडते.

३. अमंगल नावांची परंपरा

मराठीत ओबडधोबड किंवा अमंगल अर्थाची नावे पुष्कळ आहेत. धोंडू, दगडू, केरू, कचरू, उकिर्डा, भिकू ही नावे ग्रामीण महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. 'नकुसा'ची गणना वरवर पाहता याच वर्गात होईल. तथापि तसे करणे चुकीचे ठरेल. या वर्गातील नावांमागे किमान तीन भिन्न प्रेरणा आढळतात.

पहिली प्रेरणा संरक्षणाची. ज्या घरात मुले जगत नाहीत, तेथे नव्या मुलाला मुद्दाम हलके नाव दिले जाते. हे मूल म्हणजे दगड आहे, केर आहे, भीक मागून आणलेले आहे, तेव्हा त्याच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, अशी दृष्टीला, सटवाईला किंवा मृत्यूला हूल द्यावयाची. येथे नावाचा अर्थ आणि घराची भावना परस्परविरुद्ध आहेत. मूल जितके मोलाचे, तितके नाव कवडीमोल. 'धोंडू' हे नाव प्रेमाने सांगितलेले खोटे आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८-१९६२) यांच्यासारख्यांच्या नावात हाच शब्द प्रतिष्ठा पावलेला दिसतो.

अशी नावे केवळ मुलग्यांनाच मिळाली असे नाही. धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई, कचराबाई ही नावे जुन्या पिढीत आढळतात. त्यांचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. धोंडाबाई ही जगावी असे वाटलेली मुलगी आहे. तिच्यासाठी कोणीतरी मृत्यूशी खोटे बोलले आहे. धोंडाबाई आणि नकुसा ही दोन्ही नावे कानाला सारखीच कठोर लागतात. परंतु पहिल्या नावामागे धाक आहे, दुसऱ्यामागे कंटाळा. पहिले नाव मूल राहावे म्हणून ठेवलेले आहे, दुसरे नाव हे मूल आल्याबद्दलची तक्रार आहे.

याच संदर्भात 'नथू' या नावाचाही उल्लेख केला पाहिजे. मुलगे दगावत असतील तर नव्या मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालण्याची आणि काही काळ त्याला मुलीसारखे वाढविण्याची रूढी होती. मृत्यूने त्याला मुलगी समजावे आणि सोडून द्यावे, ही त्यामागील कल्पना. मुलगी कोणालाही, अगदी मृत्यूलासुद्धा, नको असते हे गृहीत धरल्याखेरीज ही हूल संभवत नाही. 'नथू'मध्ये जे अध्याहृत आहे, तेच 'नकुसा'मध्ये उघड झाले आहे.

दुसरी प्रेरणा जातिव्यवस्थेची. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. त्यांनुसार ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे आणि शूद्राचे नाव जुगुप्सा सूचित करणारे असावे. येथे हलके नाव हे संरक्षण नसून सामाजिक पायरीची खूण आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाची रचनाच नावाच्या या प्रश्नावर आधारलेली आहे. त्यात दया पवार आणि दगडू मारुती पवार ही एकाच व्यक्तीची दोन नावे समोरासमोर येतात. लेखक म्हणून कमावलेले नाव ऐकणारा होतो आणि जन्माने मिळालेले नाव आपली कहाणी सांगते. नाव बदलले तरी जुने नाव बोलावयाचे थांबत नाही, हे मराठी साहित्यात इतक्या स्पष्टपणे क्वचितच प्रकट झाले असेल.

त्याच मनुस्मृतीत स्त्रियांच्या नावांविषयीचा नियम वेगळा आहे. स्त्रीचे नाव उच्चारास सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल, दीर्घ स्वराने संपणारे आणि आशीर्वाद सूचित करणारे असावे, असे तेथे म्हटले आहे. या कसोटीवर 'नकुसा' हे नाव लावून पाहता एक विदारक गोष्ट दिसते. ते उच्चारास सोपे आहे, दीर्घ स्वराने संपते आणि त्याचा अर्थ तर कमालीचा स्पष्ट आहे. बाह्य लक्षणे बहुतेक पाळली गेली आहेत. गाळला गेला आहे तो आशीर्वाद.

तिसरी प्रेरणा 'नकुसा'ची. ती संरक्षणाची नाही आणि केवळ हिणविण्याचीही नाही. ती मागणीची आहे. तिचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा.

४. नाव की नवस ?

मुलींमागून मुली झालेल्या घरात शेवटच्या मुलीला 'नकुसा' म्हटले की पुढचे अपत्य मुलगा होते, अशी समजूत या नावामागे आहे. या समजुतीनुसार नाव हे संबोधन राहत नाही. ते गाऱ्हाणे बनते. 'नको' या शब्दाची वर सांगितलेली दोन कामे येथे एकत्र येतात. 'ही मुलगी नको' हा नकार आणि 'आता आणखी मुली पाठवू नको' ही मनाई, दोन्ही एका नावात बसतात. नकार मुलीविषयी आहे आणि मनाई दैवाला उद्देशून आहे. थोडक्यात, हे नाव मुलीला दिलेले असले तरी ते बोलले जाते दुसऱ्याच कोणाशी. देवाला पाठविलेल्या निरोपाचा कागद म्हणून मुलीचा उपयोग केला जातो.

ही कल्पना केवळ मराठी नाही. बंगालीत 'आन्नाकाली' हे जुने स्त्रीनाम आहे. 'आर ना, काली', म्हणजे 'आता पुरे, हे काली', हे वाक्यच त्या नावात आवळून बसविलेले आहे. 'चाइना', म्हणजे 'नको आहे', हेही तेथील एक नाव. तामिळनाडूत 'वेंडाम' हे नाव मुलींना दिले गेले आहे. तामिळमधील हा शब्द 'नको'चा जवळजवळ तंतोतंत समानार्थी होय. वस्तूचा नकार आणि कृतीची मनाई ही दोन्ही कामे तोही करतो. हरियाणात 'भतेरी', म्हणजे 'पुष्कळ झाल्या', आणि 'अंतिम' ही नावे याच वर्गातील आहेत. भाषाकुले भिन्न, देवता भिन्न. परंतु नावाची युक्ती एकच.

तुलनेत एक भेद मात्र दिसतो. 'आन्नाकाली'मध्ये देवीचे नाव शिल्लक आहे. त्यामुळे ती तक्रार कोणापाशी केली आहे हे कळते, आणि देवीच्या नावाची थोडी ऊबही त्या मुलीच्या वाट्याला येते. 'नकुसा'मध्ये देव नाही, नको म्हणणारा नाही, मागणीचा विषय असलेला मुलगाही नाही. वाक्यातील सर्व पदे गळून केवळ नकार उरला आहे.

बारशाच्या विधीत बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. आत्या म्हणजे त्याच घरात जन्मलेली मुलगी. एका घरची लेक त्याच घरच्या दुसऱ्या लेकीच्या कानात पहिला शब्द सांगते, असा हा सुंदर विधी आहे. तो शब्द 'नकुसा' असेल तर त्या विधीचा अर्थ उलटा होतो. अनेक घरांत बारशाचे नाव निराळे आणि हाकेचे नाव निराळे असते. तथापि शाळेच्या दाखल्यावर जे चढते ते कायमचे होते.

५. नावातून सुटका

परंपरेने स्त्रीला नाव बदलण्याची एक वेळ दिलेली होती, ती म्हणजे लग्न. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नववधूचे नवे नाव लिहावयाचे, ही रीत महाराष्ट्रात सुपरिचित आहे. आधुनिक स्त्रीविचाराने या रूढीवर योग्य टीका केली आहे, कारण तिच्यामुळे स्त्रीची माहेरची ओळख पुसली जाते. 'नकुसा'च्या बाबतीत मात्र ही रूढी सुटकेची वाट ठरत असे. या सुटकेची अट अशी, की दुसऱ्या कोणाला तरी ती 'हवी' झाली पाहिजे. नकोशी म्हणणारे घर एक, हवीशी म्हणणारे घर दुसरे. दोन्ही ठिकाणी बोलणारे इतरच. तिने स्वतः काही म्हणण्याची सोय या रीतीत नव्हती.

या पार्श्वभूमीवर २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे झालेल्या नामांतर समारंभाचे महत्त्व ध्यानी येते. जिल्ह्यातील आरोग्य यंत्रणेच्या पुढाकाराने 'नकुसा' वा तत्सम नावे असलेल्या मुलींचा शोध घेण्यात आला आणि २८५ मुलींना नव्या नावांची प्रमाणपत्रे देण्यात आली. निवडलेल्या नावांत ऐश्वर्या, सावित्री, वैशाली, अस्मिता अशी नावे होती. चित्रपटसृष्टीतील तारका, पुराणातील पतिव्रता, साधे परिचित नाव आणि आत्मभानाचा थेट उच्चार अशा भिन्न दिशांना ही निवड गेलेली दिसते. तिच्यात एकसूत्रीपणा नाही, आणि तोच तिचा विशेष होय. 'नकुसा' हे नाव सर्वांना एकसारखे करीत होते. नव्या नावांनी त्या मुली एकमेकींपासून वेगळ्या झाल्या. नाव ऐकणारी येथे प्रथमच नाव सांगणारी झाली, आणि तेही लग्नाची वाट न पाहता.

सुटकेचा आणखी एक मार्ग आहे, तो नाव न बदलता नावाचा अर्थ बदलण्याचा. हरियाणातील कुस्तीगीर अंतिम पंघाल हिचे नाव, घरात मुली पुरे झाल्या या भावनेतूनच ठेवलेले. २०२२ मध्ये वीस वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. आता 'अंतिम' म्हटल्यावर ऐकणाऱ्याला शेवटची मुलगी आठवण्याआधी ती कुस्तीगीरच आठवते. तथापि हा मार्ग सर्वांसाठी नाही. नावाचा कलंक पुसण्यासाठी मुलीने जगज्जेती व्हावे, अशी अपेक्षा करणे हाही एक अन्यायच ठरेल.

६. दुर्मीळपणाचा अर्थ

हे नाव उत्तरोत्तर दुर्मीळ होत जावे, अशीच कोणाही विचारी माणसाची इच्छा असेल. परंतु त्याच्या दुर्मीळपणाचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. एखादे नाव दोन कारणांनी नाहीसे होऊ शकते. एक, त्यामागील भावना नाहीशी झाली म्हणून. दोन, ज्यांना ते दिले गेले असते त्या जन्मालाच आल्या नाहीत म्हणून.

'नकुसा' हे नाव कितीही क्रूर असले, तरी ते जन्मलेल्या मुलीचे नाव आहे. तिला वाढविले गेले, शाळेत घातले गेले, हाक मारली गेली. गर्भलिंगनिदानाचे तंत्र आल्यानंतर नकार नावात व्यक्त करण्याची गरजच उरली नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्र सरकारने १९९४ मध्ये या तंत्राच्या गैरवापराविरुद्ध कायदे केले. त्यानंतरही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घटत गेली. या आकड्यांतील तुटीला नाव नाही. नकुसाला निदान एक नाव होते. ज्या या आकड्यांत नाहीत, त्यांना 'नकुसा' म्हणण्याचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. म्हणून केवळ जन्मनोंदीतून हे नाव गेले एवढ्यावरून समाजमन बदलले, असा निष्कर्ष काढता येणार नाही. नावाचा आलेख आणि जन्मांचा आलेख एकत्र वाचल्याशिवाय यापैकी कोणताही आलेख खरा बोलत नाही.

मराठी कलाव्यवहाराने या प्रश्नाची दखल वेळोवेळी घेतली आहे. ज्योती म्हापसेकर यांच्या 'मुलगी झाली हो' (१९८३) या नाटकाच्या नावातच मुलीच्या जन्माची घोषणा आहे. जी वार्ता एरवी खालच्या आवाजात सांगितली जाते, ती येथे दवंडीसारखी उच्चारली जाते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या एका मराठी दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षक 'नकुशी... तरीही हवीहवीशी' असे होते. त्यातील 'तरीही' हे अव्यय विचार करावयास लावणारे आहे. 'तरीही' म्हणताना पहिले विधान खोडले जात नाही; ते मान्य करून त्यावर अपवाद उभा केला जातो. नायिका हवीहवीशी होते, पण ती आधी नकुशी होतीच, हे शीर्षकाने स्वीकारलेले आहे. लोकप्रिय कथनाला एवढेच पाऊल टाकता आले, हेही नोंदविण्याजोगे आहे.

या नावाचा प्रश्न आता एका नव्या जागी उपस्थित झाला आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला. आईच्या नावाला मिळालेली ही जागा निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु जिचे नाव अजून 'नकुसा'च आहे, अशा स्त्रीच्या अपत्याच्या नावात ते नावही जाऊन बसेल. मुलग्यासाठी मागितलेल्या नवसाची खूण उद्या तिच्या मुलाच्या वा मुलीच्या दाखल्यावर उमटेल. नाव बदलण्याची सोय अशा प्रत्येक स्त्रीपर्यंत पोचणे किती निकडीचे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

७. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात. 'नकुसा' हे नाव रूपाने विशेषनाम असले तरी वृत्तीने वाक्य आहे. या वाक्यातून बोलणारा आणि ज्याला उद्देशून बोलले तो, असे दोघेही वगळले गेले आणि शिल्लक राहिली ती ज्याचा तिच्याशी संबंध नाही असा निरोप वाहणारी मुलगी. धोंडू, दगडू, धोंडाबाई या नावांच्या पंक्तीत ते बसविता येत नाही; कारण त्या नावांचा कठोरपणा हा मायेचा वेष आहे आणि या नावाला वेषच नाही. त्याचा दुर्मीळपणा हा प्रगतीचा पुरावा म्हणून परस्पर स्वीकारता येत नाही.

२०११ च्या त्या समारंभात बदलली ती केवळ २८५ अक्षरसमूहांची नोंद नव्हे. 'कोणाला नको?' हा जो प्रश्न या नावाने इतकी वर्षे दडवून ठेवला होता, तो त्या दिवशी सार्वजनिकरीत्या विचारला गेला. नवे नाव सांगणाऱ्या मुलीने त्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. देण्याची जबाबदारी तिची नव्हतीच. ती ज्यांची होती, त्यांची नावे कोणत्याही दाखल्यावर 'नकुसा' अशी लिहिलेली नाहीत.